नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर लग्न करावे का? मुलांना त्रास होतो का? रक्तगटावरून आजार कळतात का?

बिनधास्त करा. तुम्ही विचारलंय तसे दोघंही बी पॉझिटिव्ह आहात, पण त्यानं मुलांना काही होत नाही. खरं तर उत्तर इथंच संपलं. पण हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षं धुमसतोय, म्हणून लांबवतो.

मी चोपड्याकडचा, लॅबवाला. लग्नसराई आली की लोक दोन बायोडाटे घेऊन येतात, "भाऊ, यांचं जुळतं का बघा," जसं काही मी पंचांगच उघडून बसलोय. रक्तगटाचा रकाना बायोडाट्यात कुणी घातला कोण जाणे. रक्तदानाला, अपघाताला उपयोगी माहिती ती. सोयरिकीला तिचा काय संबंध?

माझ्या धाकट्या बहिणीला शहाद्याकडचं स्थळ आलं होतं. बागायतदार घर, मुलगा शिकलेला, दोघांची पसंती झालेली. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची पंगत उठली, याद्या करायला माणसं बसली. तेवढ्यात आमचेच जिभाऊ, म्हणजे मोठे आतेभाऊ, चष्मा कपाळावर सारून बायोडाटे वाचू लागले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "दोन्हीस्नं रगत एकच शे. पोऱ्हेस्नं काय व्हई?" पाहुण्यांच्या डोक्यातही नसलेली शंका आमच्याच माणसानं घातली. "विचार करून कळवतो," म्हणत पाहुणे गाडीत बसले. कळवलं नाही.

मी जिभाऊंना विचारलं, हे कुठून आणलं? म्हणे, एका कुळात सोयरीक करत नाहीत, तशी एका रक्तातही करू नये. रक्तगट एक म्हणजे रक्ताचं नातं, असा त्यांचा हिशेब. अहो, तांबड्या पेशीच्या अंगावर कोणती खूण आहे, एवढंच गट सांगतो. सख्ख्या भावाभावांचे गट वेगळे निघतात आणि केरळातल्या अनोळखी माणसाचा तुमच्याशी जुळतो. आपल्याकडे ढोबळमानानं दर तिसरा माणूस बी गटाचा, ओ गटाचे त्याहून थोडे जास्तच. एक गट वर्ज्य धरला तर तिसऱ्या हिश्शाची स्थळं वाचायच्या आधीच फेकावी लागतील.

आणि हे सांगणाऱ्या जिभाऊंनी स्वतः सख्ख्या मामाची मुलगी केलेली! त्यांचे गट वेगळे, म्हणून सगळं शास्त्रशुद्ध. आते-मामे भावंडांची जनुकं साधारण आठवा हिस्सा सारखी असतात, आनुवंशिक आजाराचा धोका वाढतो तो तिथं. हे मी बोललो आणि दोन दिवाळ्या आमचं बोलणं बंद राहिलं.

पुढं बहिणीचं लग्न झालं, नवरा पुन्हा बी पॉझिटिव्हच. मुलगा झाला, दवाखान्यात गट केला तर ओ पॉझिटिव्ह. बारशाला जिभाऊ म्हणतात, "दोघं बी, मग पोरगं ओ कसं? दवाखान्यात अदलाबदल तर नाही झाली?" त्यांनी अदलाबदल म्हटलं, पण बसलेल्या बायांच्या नजरा कुठं वळल्या ते मी पाहिलं. बाळंतिणीच्या डोळ्यांना धार लागली. मी तिथंच कॅलेंडरच्या पाठीमागे मांडून दाखवलं. प्रत्येकाकडे गटाची दोन जनुकं असतात, एक आईकडून, एक बापाकडून. बी माणसाजवळ बी-बी असतील किंवा बी-ओ, रिपोर्टवर दोन्ही बीच दिसतात. दोघं बी-ओ असले तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता ओ मुलाची. कॅलेंडर सगळ्यांनी पाहिलं. माफी कुणी मागितली नाही.

एबी माणसाजवळ ओचं जनुक नसतं, म्हणून आईबापातलं एक एबी आणि मूल ओ दिसलं, तर मात्र मीसुद्धा नमुना पुन्हा घेतो. बहुतेक वेळा आधीचा कुठला तरी रिपोर्ट चुकलेला असतो. क्वचित बॉम्बे गट निघतो. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईतून तो जगापुढं मांडला. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही.

विचारायचंच असेल तर सिकलसेलचं विचारा, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. धडगाव, अक्कलकुव्यापासून यावल, रावेरपर्यंत सातपुड्याच्या पट्ट्यात राहून गट विचारायचा आणि हे विचारायचं नाही, हा कुठला शहाणपणा? दोघंही वाहक, म्हणजे आजाराचं एकच जनुक बाळगणारे, असले तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. वाहक धडधाकट असतो, त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. सोल्युबिलिटीची साधी तपासणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहकही एचपीएलसीत बहुधा कळतो, म्हणून मी थेट तीच करा म्हणतो. जिभाऊंच्या नातवाचं यंदा बघताहेत, त्यांनाही सांगितलं. म्हणे, "आपल्यात नसतं ते." नसेल तर रिपोर्ट स्वच्छ येईल, बिघडतं काय?

आता आजारांचं. ओ गटाला रक्ताच्या गाठींचा आणि हृदयविकाराचा धोका थोडा कमी आणि पोटाच्या अल्सरचा थोडा जास्त, असं आढळलंय. पण फरक इतका लहान की तंबाखू, बीपी आणि शुगरपुढं त्याला विचारत नाही कुणी. गटानुसार आहार आणि गटावरून स्वभाव, हे दोन्ही थोतांड.

हो, एक राहिलं. गट एक म्हणजे पुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्हही एकच, याची दोघांनी नव्यानं तपासून खात्री करा. शाळेच्या कार्डावरचं धरू नका. मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह निघाला तरी लग्न मोडू नका. फक्त गरोदरपणी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. त्या आयसीटी करायला लावतील, म्हणजे आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटीबॉडी झाल्यात का ती तपासणी, मग त्या होऊ नयेत म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्याला अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना या इंजेक्शनचं विचारायचं, तिथंच लोक विसरतात. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं, त्रास पुढच्याला होतो. इंजेक्शन महाग आहे आणि तालुक्याच्या मेडिकलवर रात्री-अपरात्री मिळेलच असं नाही, तेव्हा आठव्या महिन्यातच दुकानदाराला सांगून ठेवा.