नंबर बदलूनही बाबा धडपडत असतील तर

ताई, बाबांबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचलं आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तक्त्याची शेवटची ओळ ते घडाघडा वाचतात, तरी बाहेरून घरात शिरताना उंबरठ्याला ठेचकाळतात. आणि शिबिरात 'थोडा मोतीबिंदू आहे, पिकू द्या, सहा महिन्यांनी या' एवढंच सांगितलं. माझ्या सासूबाईंनाही हेच वाक्य ऐकवलं होतं. मोतीबिंदू त्यांना होताच. पण नजर खरी जात होती ती काचबिंदूने, आणि तो कुणी तपासलाच नव्हता.

मी डॉक्टर नाही. तुमच्या बाबांना काचबिंदूच आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. मधुमेह असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) त्रास असू शकतो, मेंदूशी संबंधित काही असू शकतं, नुसता मोतीबिंदूही असू शकतो. पण तक्ता नीट वाचणारा माणूस धडपडत असेल, तर 'वय झालं' हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

अक्षर धूसर दिसणं, डोकं दुखणं वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडते. आमच्या घरात काय दिसलं ते सांगते. समई लावताना काडी वातीच्या शेजारीच जायची. चहा ओतताना काही सांडायचं नाही, पण पांढऱ्या कपात दूध ओतलं की बशीत सांडलंच. जिना चढताना त्रास नाही. उतरताना मात्र कठडा सोडायच्या नाहीत आणि पाय पुढे सरकवून पायरी चाचपायच्या. उन्हातून माजघरात आल्या की दाराशीच थबकायच्या. रस्ता ओलांडताना बाजूने आलेली स्कूटर 'एकदम कुठून उगवली' म्हणायच्या. एका लग्नात ओळखीच्या बाई अगदी शेजारून गेल्या, ह्या बोलल्या नाहीत, म्हणून त्या कितीतरी दिवस रुसून होत्या. यातलं एकही सासूबाईंनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पेपर वाचता येत होता, तांदूळ निवडता येत होते, मग डोळे चांगलेच आहेत असं त्यांना वाटायचं.

याचं कारण कळायला आम्हाला फार उशीर झाला. भिंतीवरचा तक्ता फक्त मधली नजर मोजतो. काचबिंदूत, बऱ्याचदा डोळ्याच्या आतला दाब म्हणजे प्रेशर वाढल्याने, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते आणि बहुतेकदा आधी बाजूची नजर जाते. मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणजे कागदावर ६/६, म्हणजे तक्त्यावरची नजर उत्तम, असं लिहिलेला माणूससुद्धा बरीच नजर गमावून बसलेला असू शकतो. काळा डाग किंवा अंधार दिसत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली जागा मेंदू आपल्या आपण जुळवून घेतो. या हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही. गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही, आहे ती राखता येते. म्हणून लवकर कळण्याला इतकं महत्त्व.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. बाबांच्या समोर हातभर अंतरावर बसा. त्यांनी एक डोळा तळहाताने झाकायचा, दुसऱ्याने तुमच्या नाकाकडे बघायचं. तुम्ही बोट हलवत बाजूने, वरून, खालून आत आणा आणि कधी दिसलं ते विचारा. मग दुसरा डोळा. मोठा फरक असेल तर कळतो. मात्र यात काही सापडलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका. सुरुवातीचं नुकसान यात येत नाही.

आता सासूबाईंना आधी जिथे दाखवत होतो त्या दवाखान्याबद्दल. नाव लिहिणार नाही. शिबिरं तेच भरवायचे, तपासायला तिथेच बोलवायचे. दरवेळी तेच: यंत्रात डोकं टेकवा, नंबर काढा, बॅटरी मारून बाहुलीत बघा, 'अजून पिकला नाही'. बाहुली मोठी करायचं औषध घालून आतली नस एकदाही बघितली नाही. आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याचा बराचसा भर मोतीबिंदूवर राहिला. त्यामुळे लाखो लोकांना दिसायला लागलं, हे मी मनापासून मान्य करते. पण शिबिरात जे शोधायला बसतात तेच सापडतं. आणि 'पिकू द्या' हा सल्ला आता जुना झाला. हल्लीच्या ऑपरेशनला मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं, कधी त्यानेच डोळ्याचं प्रेशर चढतं, आणि मागची नसही नीट दिसेनाशी होते.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते मात्र फाईलमुळे. दुसऱ्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, 'आधीचं प्रेशर किती होतं?' कारण नुकसान किती वेगाने होतंय यावर उपचार किती जोरात करायचे ते ठरतं. आम्ही जुन्या दवाखान्यात गेलो तर 'फाईल इथेच राहते, पेशंटला देत नाही'. मग 'मोठे डॉक्टर आले की विचारा'. मग 'शिबिराचे कागद वेगळे असतात'. शेवटी मिळाला तो एक कागद, त्यावर चष्म्याचा नंबर आणि एक सही. प्रेशरच्या जागी रेघ. या सगळ्यात जे महिने गेले त्यांचा मला अजून राग येतो. तुम्हाला असं कुणी सांगितलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत, रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असं स्पष्ट आहे. आम्हाला ते तेव्हा कुणी सांगितलं नाही.

म्हणून पुढच्या तपासणीला गेलात की स्वच्छ विचारा: प्रेशर किती आलं, ते कागदावर लिहून द्या, नस बघितली का, कशी दिसते, फील्ड टेस्ट (बाजूची नजर मोजायची तपासणी) करायची का. प्रेशर साधारण १० ते २१ (मि.मी. पारा) च्या दरम्यान असतं, पण ते त्यात आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची (कॉर्नियाची) जाडी कमी असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. औषध घालून बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा बाबांना एकटं पाठवू नका. काहींच्या डोळ्याचा कोन, म्हणजे डोळ्याच्या आतलं पाणी जिथून निचरतं ती जागा, अरुंद असतो, त्यांना ते औषध सोसत नाही. कोन आधी बघून घ्यायला सांगा.

फील्ड टेस्टला वयस्कर माणसं कंटाळतात. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून, यंत्राला कपाळ टेकवून मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि बाजूला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. सासूबाई पहिल्या वेळी उजेड शोधायला डोळे फिरवत राहिल्या आणि रिपोर्ट निकामी आला. आदल्या दिवशी घरी समजावून न्या, आणि पहिला रिपोर्ट वाईट आला तरी घाबरू नका, पुन्हा करायला सांगतातच.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. संध्याकाळी दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसणं, आणि त्यासोबत डोळा लाल, जोरात डोकेदुखी, उलट्या झाल्या तर पित्त समजून सुंठ-साखर देत बसू नका, त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. कोन एकदम बंद झाला तर नजर फार लवकर जाऊ शकते. तसंच समोर विजेसारखं चमकणं, काळे ठिपके अचानक वाढणं किंवा पडदा ओढल्यासारखं वाटणं, हे पडदा सुटल्याचं लक्षण असू शकतं. तेही त्याच दिवशी.

काचबिंदूचे थेंब चालू झालेच तर: घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा, औषध नाकाघशात उतरत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं. बाबांना दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, टिमोलॉलचे थेंब अशांना चालत नाहीत. आणि खाज येते म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घरात असतील तर त्यांचंही नाव डॉक्टरांना सांगा. त्यांनीही प्रेशर वाढतं, कुठल्याही वयात.

बाबा अजून स्कूटर चालवत असतील तर फील्ड टेस्टचा निकाल हातात येईपर्यंत थांबवा, भांडण झालं तरी चालेल. आणि काचबिंदू निघालाच तर त्यांच्या सख्ख्या भावंडांना कळवा, तुमचंही प्रेशर आणि नस तपासून घ्या. आईवडील किंवा भावंडांना असेल तर आपल्याला व्हायची शक्यता वाढते. आमच्या ह्यांची तपासणी तेव्हापासून दरवर्षी होते.