कोकणात घरच्या आगरात नैसर्गिक शेती करायची तर किती माणसं लागतात? परवडतं का?

पुण्यातली नोकरी सोडून गुहागरकडच्या वडिलोपार्जित दोन एकरावर रसायनं न वापरता शेती करायचीय, किती माणसं लागतील असं विचारलंय तुम्ही. आमचं आंजर्ल्याच्या बाजूला नारळ-पोफळीचं आगर आहे आणि वर कातळाकडे थोडी हापूसची कलमं, सगळं घरचेच बघतो म्हणून लिहितोय.

परवडणं न परवडणं माणसांवर आहे, खतावर नाही. युट्यूबवर जो तो जीवामृत दाखवतो, ते सोप्पं आहे हो, 200 लिटरचा ड्रम, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन दिवस ढवळलं की झालं. पण गोठ्यातलं शेण रोज सकाळी काढणार कोण आणि भर पावसात गुरांना वैरण आणणार कोण ते कुणी दाखवत नाही.

आमच्याकडे शिपण्याचं, म्हणजे झाडांना पाणी द्यायचं, बाबा बघतात, आई आणि काकू कोकमं आणि मिरी (कोकमं ऐन मे मध्ये पिकतात, पाऊस आला की सोलं वाळत नाहीत, तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही), वहिनी ऑर्डरी, कुरिअर आणि हिशोब. तिचं काम लोकांना शेती वाटत नाही पण माल थेट गिऱ्हाईकाला गेला नाही तर रासायनिकवाल्याचाच भाव मिळतो. शिवाय वाडीतलं एक जोडपं वर्षभर कामाला, बेणणी (तण काढणं), कवळ (खतासाठी झाडांचा हिरवा पाला) तोडणं, झाडांभोवती आळी करणं त्यांच्याकडे. त्यांना बारमाही पगार द्या, रोजावर ठेवलंत तर आंब्याच्या सीझनला मोठे बागायतदार जास्त देऊन घेऊन जाणार आणि त्यांचंही काही चुकत नाही. नारळ पाडायला माणूस बाहेरून येतो, झाडामागे पैसे घेतो, त्याच्या तारखेप्रमाणे आपण चालायचं!

आपल्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, टाकलेलं खत जांभ्याच्या मातीतून धुऊन ओढ्याला जातं, म्हणून पाऊस सरला की झावळ्या, सोडणं (नारळाच्या साली), पालापाचोळा सगळं आळ्यात घालायचं, जाळायचं काही नाही. कुंपणाला गिरिपुष्प लावा, त्याचा पाला चांगलं खत होतो. फक्त शेणाच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या होतात आणि मोठे झालेले भुंगे माडाचा कोंब खातात, त्यासाठी मेटारायझियम ही बुरशी खड्ड्यात टाकत जा.

लागवडीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची लाखी बाग बघून या, म्हणजे नारळात जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची झाडं. जायफळाची कलमंच घ्या, बियांपासूनच्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. बाणवली (उंच जातीचा) माड पण धरायला तेवढाच वेळ घेतो, त्यामुळे सुरुवातीची वर्षं हळद, सुरण, केळी यांच्यावर काढायची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पोफळी मोडल्या आणि त्यांच्यावरची मिरीही गेली, त्या वर्षी घरात पैसा आला तो जमिनीखालच्या सुरणाचा.

हापूसचं म्हणाल तर कल्टार (दरवर्षी मोहोर यावा म्हणून मुळाशी घालतात ते रसायन) नाही घातलं तर एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष हात हलवत, हे धरूनच हिशोब करा.

तेव्हा दोन एकराला घरातली दोन माणसं पूर्णवेळ आणि एक जोडपं बारमाही एवढं तरी हवंच. तुम्ही एकटे येणार असाल तर आधी अर्ध्या एकरातच करा, बाकी गवत वाढू दे. आणि सातबारा काढून बघा, सामाईक असेल तर चुलत्यांशी काय ते आत्ताच लिहून घ्या, माड धरायला लागल्यावर नाही.