घरात सापडलेल्या जुन्या फोटोंवरून गावातली बंद झालेली दुकानं ओळखता येतील का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या मागे घरात दोन डबे भरून फोटो निघाले. त्यांत बाजारपेठ दिसते, पाट्या अर्ध्यामुर्ध्या वाचता येतात, पण कुठलं दुकान कुणाचं हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. तरी नोंद करता येईल का? येईल. मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे, त्यावरून सांगतो.

दुकानाचा म्हणून फोटो फार क्वचित काढला जायचा. फिल्म महाग, त्यामुळे कॅमेरा निघायचा तो घरच्या माणसांसाठी. दुकान येतं ते त्यांच्या पाठीमागे, अर्धं कापलेलं, थोडं धूसर. म्हणून फोटो हातात घेतला की मधली माणसं बाजूला ठेवा आणि चारही कडांवरून भिंग फिरवा. पायरी, फळी, टांगलेली चाकं, पाटीवरची शेवटची दोन अक्षरं, सगळं तिथेच सापडतं.

आज माहीत असलेल्या फोटोंपैकी ज्यात माणूस पहिल्यांदा दिसतो, तो १८३८ सालचा. फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरनं पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा घेतलेला. तेव्हा फिल्म नव्हती, धातूच्या प्लेटवर कित्येक मिनिटं उजेड पडू द्यावा लागायचा, त्यामुळे रस्त्यावरची वर्दळ उमटलीच नाही. उमटला तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याची पुसट आकृती. एक गिऱ्हाईक, एक कारागीर. दोघांचीही नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. तो फोटो पाहिला की दर वेळी मला चुटपुट लागते. आपल्या डब्यातल्या माणसांचं असं होऊ नये, एवढ्यासाठी मी हे काम धरून आहे.

दागेरच्या त्या प्लेटवर डावं-उजवं उलटं उमटायचं. निगेटिव्ह उलट्या बाजूनं छापली किंवा स्कॅन केली तरी तसंच होतं, आणि मग अख्खी पेठ रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. पाटी वाचता येत नसेल तर शर्टाची बटणं बघा, मनगटावरचं घड्याळ बघा. दुकानाला काच असेल तर ती सोडू नका. काचेत समोरची बाजू दिसते, म्हणजे एका फोटोत रस्त्याच्या दोन्ही बाजू मिळतात. १९२७ साली वारलेल्या युजेन आत्जे या फ्रेंच फोटोग्राफरनं जुन्या पॅरिसमधल्या दुकानांचे दर्शनी भाग मुद्दाम टिपले, आणि त्यातल्या काही काचांमध्ये तो स्वतः कॅमेऱ्यासकट दिसतो.

साल ठरवायला मी आधी फोटो पालथा करतो. नागमोडी कातरलेल्या कडा बहुधा १९३० ते १९६० च्या दरम्यानच्या. हाताला प्लास्टिकसारखा गुळगुळीत लागणारा कागद सर्रास झाला तो १९७० च्या दशकात. रंगीत फोटो तांबूस पडला असेल तर त्यातला निळसर रंग आधी उडालेला असतो. १९८० च्या आधीच्या रंगीत प्रिंटचं हे नेहमीचं दुखणं. पाटीवर फोन नंबर असेल तर त्यातले आकडे मोजा. नंबरांचे आकडे टप्प्याटप्प्यानं वाढले आणि जुन्या डिरेक्टऱ्या ग्रंथालयांत असतात, त्यामुळे पाच आकडी की सहा आकडी एवढ्यावरूनही काळ बराच आवळता येतो. कपड्यांवरून मात्र साल ठरवू नका. चांगला कोट माणसं वीस वर्षं वापरत.

एवढं सगळं फोटो सांगतो. दुकान कसं चालायचं, उधारी कुणाला मिळायची, शटर कधी आणि का कायमचं खाली आलं, हे माणसंच सांगतात. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, कारण आपण नाव आधी पुरवतो. ‘हे अमक्यांचं दुकान ना?’ असं विचारलं की समोरची म्हातारी व्यक्ती मान डोलावते, आणि पुढच्या वेळी तेच स्वतःची आठवण म्हणून सांगते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७४ साली हे दाखवून दिलं. लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, काहींना ‘धडकून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरून. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७. नुसत्या एका शब्दानं एवढा फरक पडतो, तर आपण तोंडात घातलेलं आख्खं नाव काय करेल?

म्हणून मी फोटो हातात देतो आणि एवढंच म्हणतो, ‘इथून चालायला लागा.’ मग गप्प बसतो. एकदा एका आजींना असाच एक कौटुंबिक फोटो दिला होता. त्यांनी मधल्या माणसांकडे पाहिलंही नाही. बोट सरळ उजव्या कडेला नेलं, तिथे भिंतीला टेकलेली शिडी होती, आणि म्हणाल्या, ‘ही रंगाऱ्याची. सगळ्या पाट्या तोच रंगवायचा. त्याचा र बघ, पोटात फुगलेला.’ मी चार वेळा तो फोटो भिंगाखाली घातला होता आणि शिडी मला दिसली नव्हती. त्यानंतर त्या फुगलेल्या ‘र’वरून आणखी तीन फोटो एकाच काळातले ठरले.

दोन जणांची माहिती जुळली नाही तर एकाला खोटं ठरवू नका. दोन्ही लिहा, कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला तेही लिहा. एकाच गाळ्यात दहा वर्षांच्या अंतरानं दोन वेगळे धंदे चाललेले असतात, आणि तेव्हा दोघंही बरोबर असतात.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असं करा. चार बाय सहा इंचाच्या फोटोचे त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, पाटी मोठी करून वाचायला तेवढे लागतात. मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात ठेवा, लोकांना पाठवायला लहान आकाराची जेपेग. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहा, पण फोटो घालायच्या आधी. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. आधी पानासकट स्कॅन करा. आणि डब्यातला क्रम मोडू नका. एकाच रोलमधले फोटो शेजारी-शेजारी असतील, तर एकात न वाचता येणारी पाटी दुसऱ्यात स्पष्ट मिळते.

फोटो स्टुडिओची पाकिटं असतील तर ती अजिबात फेकू नका. पाकिटावर किंवा फोटोच्या पाठीवर खरडलेला आकडा बहुतेक वेळा निगेटिव्हचा नंबर असतो. अमेरिकेत अर्कान्सा राज्यातल्या हीबर स्प्रिंग्स या लहानशा गावात माइक डिसफार्मर स्टुडिओ चालवायचे. १९५९ साली ते गेले, पण त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह कुणीतरी उचलून जपल्या, म्हणून त्या गावातली माणसं आज जगाला दिसतात. तुमच्या गावातला स्टुडिओ बंद झाला असला तरी त्या घरी माळ्यावर खोकी असू शकतात. पाकिटावरचा नंबर लिहून घ्या, आणि माळा साफ व्हायच्या आत त्यांच्याकडे जाऊन या.