आधी कारणाचं वय विचार

प्रिय मित्रा,

चार सिद्धांत वाचले, चारही पटले, आणि आता डोकं गरगरतंय, असं लिहिलं आहेस. एक म्हणतो मानवी समाज भूगोलाने घडवले, दुसरा म्हणतो कायदे आणि संस्थांनी, तिसरा रोगराईने, चौथा संस्कृतीने. "मग खरं कोणाचं मानू?" वाचून चिडचिड झाली. तुझ्यावर नव्हे, हा प्रश्न तुझ्या तोंडी ज्या शिकवण्याने बसवला त्याच्यावर. हे काही चार पैलवान नाहीत, की कुस्ती लावून एकाला गदा द्यावी. ही चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि प्रत्येक प्रश्नाच्या काळाची लांबी वेगळी आहे.

म्हणून एकच गोष्ट सांगतो, आणि कंटाळलास तरी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कारणाचं वय विचार. जे कारण हजारो वर्षं जसंच्या तसं होतं, ते पन्नास वर्षांत घडलेला बदल एकट्याने समजावू शकत नाही. आणि एखाद्या वर्षातल्या घटनेच्या माथी दोन हजार वर्षं चाललेली प्रक्रिया मारता येत नाही.

कोरिया घे. 1945 साली 38व्या अक्षांशावर रेघ ओढली गेली. दोन्हीकडे भाषा तीच, भातशेती तीच, शतकानुशतकांचं राज्यही एकच. उलट तेव्हा अवजड कारखाने आणि जलविद्युत जास्त होती ती उत्तरेत. तीन पिढ्यांत दक्षिण कुठे गेली आणि उत्तर कुठे राहिली, हे तुला ठाऊक आहे. इथे हवामान आणि जमीन कारण म्हणून पुढे करणाऱ्याला थेट विचार, हे हवामान 1945 साली बदललं का? इथे उत्तर संस्थांच्याच बाजूने जातं. पण तोच संस्थावाला पश्चिम आशियात गव्हाची शेती कशी आली ते समजावू लागला की त्यालाही थांबव, कारण तिथे त्याचं कारण जन्मलेलंच नसतं.

गव्हावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. 'शेतीचा शोध लागला' असं आपण सहज म्हणून जातो. जंगली गव्हाची ओंबी पिकली की तिचे सांधे आपोआप सुटतात आणि दाण्यांचे झुबके जमिनीवर गळतात. रोपाच्या दृष्टीने तेच योग्य, कापणाऱ्याच्या दृष्टीने नुकसान. क्वचित एखाद्या रोपात हे सांधे सुटत नाहीत आणि दाणे ओंबीलाच राहतात. माणसाने विळ्याने कापणी करून तेच बी पुन्हा पेरलं, की न गळणाऱ्या रोपांचं प्रमाण वाढत जातं. प्रयोगांवरून मांडलेला एक हिशेब सांगत होता की हे काम 20 ते 200 वर्षांत उरकू शकतं. जमिनीतून निघालेला पुरावा वेगळंच सांगतो. जळून कोळसा झालेल्या झुबक्यांचा बुडखा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंगली असेल तर सांध्याची खूण गुळगुळीत असते, कारण तो आपणहून सुटलेला असतो. माणसाळलेला असेल तर खूण फाटल्यासारखी खडबडीत असते, कारण तो मळणीत तोडलेला असतो. एकेका वस्तीतले असे बुडखे मोजले, वस्त्या कालक्रमाने लावल्या, तेव्हा दिसलं की न गळणारा गहू वरचढ व्हायला दोन-तीन हजार वर्षं लागली.

इतकी का? ओंबी हिरवट असतानाच कापली किंवा झोडपून दाणे टोपलीत पाडले, तर निवड नीट होतच नाही. एखाद्या वर्षी पीक बुडालं की लोक पुन्हा रानातलं बी आणत, आणि साठलेला फायदा तेवढा पुसला जाई. आता कारणाचं वय विचार. दोन हजार वर्षं म्हणजे सुमारे ऐंशी पिढ्या. कोणा हुशार माणसाची कल्पना, एखादा दुष्काळ किंवा एखादा देव एवढा काळ पुरत नाही. इथे चालतील ती पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू ढकलत राहणारी कारणं. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी हिमयुग संपल्यावर स्थिरावलेलं हवामान, वाढती वस्ती, दर हंगामाची कापणी.

पुढची उडी आणखी लांबची आहे, आणि लोक ती डोळे मिटून मारतात. शेती आली, धान्य उरलं, म्हणून राज्यं आली! पश्चिम आशियात इ.स.पू. 8000च्या आसपास शेती बऱ्यापैकी बसली होती. दक्षिण मेसोपोटेमियात उरुकसारखं नगर आणि मातीच्या पाट्यांवरचे हिशेब दिसतात ते इ.स.पू. 3300च्या सुमारास. मधली साडेचार हजारांहून जास्त वर्षं शेती होतीच की, मग राज्य का नव्हतं? न्यू गिनीत कुक इथल्या दलदलीत सुमारे 7,000 वर्षांपूर्वी मातीचे उंचवटे करून आणि सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून निचऱ्याचे चर खणून लागवड होत होती, पण तिथे राज्य उभं राहिलंच नाही. इथे एक मुद्दा हाती लागतो. धान्य एकाच वेळी पिकतं, उभं पीक सगळ्यांना दिसतं, ते वाळवून साठवता येतं, म्हणून वसुली करणाऱ्याला ते मोजता आणि उचलता येतं. न्यू गिनीतली अळकुडी, म्हणजे अळूचा कंद, जमिनीखाली असते, लागेल तशी काढतात, फार टिकत नाही. मग दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या बटाट्याचं काय, असं तू विचारशील, आणि विचारायलाच हवं. तिथे मका होता हे खरंच, शिवाय रात्रीच्या थंडीत गोठवून आणि उन्हात वाळवून बटाट्याचा चुन्यो करत, तो वर्षानुवर्षं टिके. इंका राज्याच्या कोठारांत तोही असायचा. म्हणजे शेती आहे की नाही एवढ्यावर थांबायचं नाही, पीक साठवता आणि मोजता येतं का, तेही पाहायचं. एवढी बारीक चाळण लावल्याशिवाय 'शेतीमुळे' हा शब्द लिहू नकोस.

'इंग्लंडात कोळसा होता म्हणून औद्योगिक क्रांती झाली' हे वाक्य तुझ्या टिपणात दोनदा आहे. तो कोळसा सुमारे तीस कोटी वर्षं जमिनीत पडून होता. खाणीतलं पाणी उपसणारं न्यूकोमेनचं वाफेचं यंत्र आलं 1712 साली. मग हजार वर्षं आधी का नाही? न बदललेल्या कारणाला बदललेला साथीदार लागतो, तो शोध. लंडन वाढत गेलं, जळणाचं लाकूड महागलं, खाणी खोल गेल्या, खोल खाणींत पाणी भरू लागलं. न्यूकोमेनचं यंत्र इतकं खादाड होतं की जाळलेल्या कोळशातली जेमतेम एक टक्का ऊर्जा उपसा करण्याच्या कामी येई. दुसरीकडे कुठेही ते तोट्यात गेलं असतं. खाणीच्या तोंडाशी मात्र न विकला जाणारा चुरा जवळजवळ फुकट मिळे, म्हणून तिथे ते टिकलं आणि टिकलं म्हणून सुधारत गेलं. कोळशाचं वय तीस कोटी, त्याच्या साथीदारांचं दोनेकशे वर्षं. स्पष्टीकरण त्या दोनशेत आहे.

आता उलटी बाजू. लहान धक्का आणि लांब परिणाम, असंही घडतं, पण मग मधला वाहक दाखवावा लागतो. 1347 ते 1351 या काळात काळ्या प्लेगने युरोपातली निदान एक-तृतीयांश माणसं मेली. मजूर दुर्मीळ झाले. इंग्लंडमध्ये 1351चा कायदा करून मजुरी जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न झाला, तरी पुढच्या दीडशे वर्षांत शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी जखडणारी भूदासपद्धत विरून गेली. जर्मनीतून वाहणाऱ्या एल्ब नदीच्या पूर्वेला मात्र मजूरटंचाईला जमीनदारांचं उत्तर वेगळं होतं. शेतकऱ्याला जमिनीशी आणखी घट्ट बांधा. प्लेग तोच, आणि गाडी विरुद्ध दिशांना! त्यामुळे 'प्लेगमुळे शेतकरी मुक्त झाला' हे अर्धवट वाक्य आहे. पळून आलेल्या कुळाला कामावर घेणारी शहरं जवळ होती का, जमीनदारांची एकजूट किती होती, गावकरी एकत्र येऊन भांडू शकत होते का, दर पिढीला हे उत्तर द्यावं लागतं. चौदाव्या शतकातलं कारण सोळाव्या शतकात पोहोचवलं कोणी? हे नाव नसेल तर तुझ्याकडे योगायोग आहे, कारण नाही.

तारखांबद्दल थोडं कठोर बोलतो. तू जुन्या वस्त्यांच्या तारखा एकेका आकड्यात लिहिल्या आहेस. रेडिओकार्बनची तारीख, म्हणजे जुन्या लाकडात किंवा दाण्यात उरलेल्या कार्बन-14वरून काढलेलं वय, पट्ट्यात येते. कार्बन-14चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, 5,730 वर्षं, पण हवेतलं त्याचं प्रमाण सतत सारखं नव्हतं, म्हणून मोजलेलं वय वृक्षवलयांच्या आलेखावर बसवून घ्यावं लागतं. इ.स.पू. 800 ते 400 या भागात तो आलेख जवळजवळ सपाट आहे. तिथे 'आजपासून 2450 वर्षं' असं मोजमाप आलं, तर खरी तारीख इ.स.पू. 750 ते 410 यांत कुठेही असू शकते. शिवाय नमुना घराच्या तुळईचा असेल, तर तारीख त्या लाकडाची मिळते, घर बांधल्याची नव्हे, आणि जुन्या झाडाच्या गाभ्याने शेकडो वर्षांची फसगत होते. जळका दाणा मिळाला तर आधी त्याचीच तारीख बघ. दुष्काळ आणि राज्याची पडझड अशी जोडी जुळवताना दोन्ही तारखांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील, तर आधी काय झालं हेच ठरत नाही. मग कारणाचं वय तरी काय विचारणार?

देशांची लांबलचक यादी करून जुना नकाशा आणि आजचं उत्पन्न यांचा संबंध काढायचा बेत आहे तुझा. करू नकोस असं म्हणत नाही. पण शेजारचे देश एकमेकांकडून घेत आलेले असतात, म्हणून दीडशे देश म्हणजे दीडशे स्वतंत्र पुरावे नव्हेत. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने समाजांच्या चालीरीतींची अशीच मोजणी मांडली, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने नेमका हाच आक्षेप घेतला होता. तो निबंध 1889 साली छापला गेला. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, लोक अजून तिथेच ठेचकाळतात.

ही वयाची भुणभुण केल्याने माणूस बारीक प्रश्नांतच अडकतो, मोठं चित्र मांडायचं राहून जातं, असं मला ऐकवलं जातं. राहिलं आहे, आणि त्याची खंत नाही असं म्हणणार नाही. पण ज्यांनी एकाच कारणात दहा हजार वर्षं गुंडाळली, त्यांच्या चित्रात कोरिया बसत नाही, न्यू गिनी बसत नाही, एल्बचा पूर्वकाठ बसत नाही. असं चित्र नको मला. आणि म्हणे मी कुंपणावर बसतो! कोरियाबद्दल, कोळशाबद्दल, गव्हाबद्दल मी वर स्वच्छ बाजू घेतली आहे. फक्त तिन्ही ठिकाणी ती एकच बाजू नाही.

निबंधाचा दुसरा खर्डा पाठवू नकोस. आडव्या कागदावर तक्ता कर. परिणाम दिसू लागला कधी आणि पक्का झाला कधी, ते पट्ट्यात लिही. पुढे कारण कधीपासून होतं ते. त्यापुढे मधल्या प्रत्येक शतकात ते कोणी वाहून आणलं. शेवटचा रकाना अशा जागेसाठी, जिथे कारण होतं पण परिणाम झाला नाही. तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, आणि तो रिकामा ठेवून पाठवलास तर बाकीचे रकाने मी वाचणार नाही.

तुझा,
एक हट्टी वाचक