माद्रिदच्या रात्रीचं घड्याळ

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुट्टीच्या मोसमात स्पेनला निघालेल्या ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांचा मुक्काम माद्रिदला आहे आणि बहुतेकांना तिथल्या रात्रीबद्दल विचारायचं आहे. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र जूनमध्ये चार रात्री माद्रिदला आहोत. सातला जेवण, नऊला क्लब, बाराला हॉटेल असा बेत आहे. ठीक आहे का? (खारघर)

नाही. हा बेत चार-पाच तास अलीकडे आहे, त्यामुळे सगळाच फसेल. सातला बहुतेक हॉटेलांच्या स्वयंपाकघरात सामसूम असते. दुपारचं जेवण चारच्या सुमाराला आटोपतं आणि चुली पुन्हा साडेआठच्या पुढे पेटतात. नऊला क्लबपाशी गेलात, तर बंद शटर बघून परत याल. बाराला दार उघडतं आणि गर्दी दोनला होते.

यामागे सूर्याचंही कारण आहे. नकाशात माद्रिद साधारण इंग्लंडच्या रेषेत आहे, पण १९४० पासून स्पेनचं घड्याळ मध्य युरोपच्या वेळेवर चालतं. जूनमध्ये तिथे पावणेदहाला सूर्य मावळतो, मग साडेसातला भूक कुणाला लागणार?

आता रात्र अशी आखा. दुपारी तास-दीड तास झोपा. साडेआठला ला लातिना भागातल्या कावा बाखा या गल्लीत जा. गल्ली छोटी आहे, दोन्ही बाजूंना बार आहेत. एका बारमध्ये एकच पेय घ्यायचं, सोबत काहीतरी तोंडात टाकायचं आणि पुढच्या बारकडे वळायचं, अशी तिथली रीत. बिअर मागताना ‘उना कान्या’ म्हणा. कान्या म्हणजे साधारण २०० मिलीचा ग्लास. आपल्याकडे पाइंट ३३० मिलीचा आणि मोठी बाटली ६५० मिलीची, त्यामुळे कान्या समोर आल्यावर फसवल्यासारखं वाटेल. पण ग्लास लहान म्हणून बिअर शेवटच्या घोटापर्यंत गार राहते आणि चार बार फिरूनही माणूस पायांवर उभा राहतो. मोठा ग्लास हवाच असेल तर ‘दोब्ले’.

पेयाबरोबर येणारी ऑलिव्हची किंवा वेफर्सची छोटी बशी म्हणजे तापा. माद्रिदमध्ये बऱ्याच ठिकाणी ती फुकट येते, पण तेवढ्यावर पोट भरत नाही. मेनूवरची ‘राथिओन’ म्हणजे तीन-चार जणांत पुरेल एवढी भरलेली प्लेट, ‘मेदिया राथिओन’ म्हणजे अर्धी. आपले लोक हमखास इथेच चुकतात. चौघे मिळून पहिल्याच बारमध्ये चार राथिओन मागवतात आणि रात्र तिथेच संपते. चौघांत दोन मेदिया मागवा आणि पुढच्या बारसाठी भूक राखा. मासे खाणाऱ्यांनी एका संध्याकाळी प्लाझा मायोरजवळ तळलेल्या माकुलाच्या चकत्या भरलेला पाव नक्की खावा.

काउंटरला उभं राहून घेतलं तर स्वस्त, बाहेरच्या टेबलावर बसलात तर तेच महाग, असं अनेक बारमध्ये असतं. पैसे शेवटी द्यायचे. काउंटरवाल्याला शुक शुक करू नका. त्याच्याकडे बघून ‘कुआन्दो पुएदास’ म्हणा, म्हणजे ‘जमेल तेव्हा’. तो नक्की येतो. कार्डाच्या मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर तुमच्या तोट्याचा असतो.

बाराच्या सुमाराला मालासान्याकडे सरका. फ्रँकोची हुकूमशाही १९७५ मध्ये संपली आणि त्यानंतर ‘मोविदा’ ही तरुणांच्या कला-संगीताची जी लाट उसळली, ती याच मोहल्ल्यात. १९७९ चा ‘ला विआ लाक्तेआ’ बार अजून तिथे आहे. साधे बार दोन-अडीचला बंद होतात, संगीत वाजवण्याचा परवाना असलेले तीन-साडेतीनला, आणि डिस्कोथेक साडेपाच-सहाला. मालक दिवे लावून बाहेर काढू लागला तर रागावू नका, त्याच्या परवान्याची वेळ संपलेली असते.

क्लबच्या तिकिटात बहुधा एक पेय धरलेलं असतं. त्याला ‘कोन कोन्सुमिथिओन’ म्हणतात. दारात मिळालेली चिठ्ठी हरवली की पेय गेलं. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. आतोचा स्टेशनजवळचं कापितालसारखं सात मजल्यांचं ठिकाण पहिल्या वेळेला सोपं जातं, कारण मजल्यागणिक संगीत बदलतं. चपला, खेळाचे बूट आणि फुटबॉलचे टी-शर्ट टाळा. नुसत्या पुरुषांचा घोळका दारात अडवला जाऊ शकतो, म्हणून दोघे-दोघे जा. ओळखपत्र म्हणून आधार चालत नाही आणि झेरॉक्स बरेचदा नाकारतात. क्लबच्या रात्री पासपोर्ट आतल्या चेनच्या खिशात ठेवा, एरवी तो हॉटेलच्या तिजोरीत असू दे.

परतीचं आधीच ठरवा. मेट्रो रात्री दीडला थांबते आणि सकाळी सहाला सुरू होते. ठाणे-वाशी लोकल चुकल्यावर जी गत होते, तीच इथे. मधल्या वेळात रात्रीच्या बस आहेत, त्यांना ‘बुओ’ म्हणजे घुबड म्हणतात. नंबरापुढे N अक्षर असतं आणि बहुतेक थिबेलेसच्या चौकातून सुटतात. टॅक्सी पांढरी, दारावर तिरका लाल पट्टा; टपावर हिरवा दिवा असेल तर रिकामी. सहापर्यंत टिकलात तर पहिली मेट्रो मिळतेच. त्याआधी १८९४ पासून चालू असलेल्या सान खिनेसमध्ये घट्ट चॉकलेट आणि चुरो खा.

दोन गोष्टी मात्र करू नका. रस्त्यावर उभं राहून दारू पिऊ नका, दंड होतो. दुकानांनाही रात्री दहानंतर ती विकता येत नाही, म्हणून फेरीवाल्यांकडचे कॅन घेऊ नका. आणि उतरल्या दिवशी क्लबला जाऊ नका. उन्हाळ्यात माद्रिद आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथल्या रात्री दोनला तुमच्या शरीरासाठी खारघरची पहाटेची साडेपाच वाजलेली असते.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको शाकाहारी. हिला अंडंही चालत नाही आणि मी दारू पीत नाही. मग बारमध्ये जाऊन करायचं काय? (पाचपाखाडी, ठाणे)

खूप काही. तिथला बार म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम नव्हे. सकाळी तिथेच कॉफी, दुपारी जेवण, संध्याकाळी आजी-आजोबा आणि नातवंडं. दारू न घेणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

‘मोस्तो’ मागा. हा द्राक्षांचा न आंबवलेला रस, बर्फ आणि संत्र्याची फोड घालून वेर्मुत या मसालेदार वाईनच्या ग्लासात देतात, त्यामुळे हातातला ग्लास इतरांसारखाच दिसतो. कडवट आवडत असेल तर ‘बितेर कास’, लाल रंगाचं, बिनदारूचं. बिनदारूच्या बिअरमध्ये एक खाच आहे. ‘सिन आल्कोहोल’ लिहिलेल्या बिअरमध्ये एक टक्क्याच्या आत अल्कोहोल असू शकतं. अजिबात नको असेल तर ‘थेरो थेरो’ मागा, बाटलीवर ०,० छापलेलं असतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणालात तर हॅम नाही तर ट्यूना घातलेली प्लेट येऊ शकते. त्यात लबाडी नसते. तिथल्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे मटणासारखं मांस. हॅम आणि मासा यांचे कप्पे वेगळे. म्हणून एकेक नाव घ्या: ‘नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी ऊएवो’. मांस नाही, हॅम नाही, मासा नाही, अंडं नाही. कागदावर लिहून दाखवलंत तर उत्तम.

निर्धास्त मागवावं असं : पिमिएन्तोस दे पाद्रोन (लहान हिरव्या मिरच्या तेलात परतून वर खडे मीठ; बहुतेक गोड, एखादीच झणका देते), टोमॅटो चोळलेला पाव, उन्हाळ्यात गास्पाचो (टोमॅटोचं गार सूप). ऑलिव्ह मागताना बघा, भरलेल्या ऑलिव्हमध्ये बहुधा अँचोवी नावाची मासळी असते. पातातास ब्रावास दिसायला तळलेला बटाटा आणि लाल रस्सा, पण माद्रिदच्या जुन्या पद्धतीत रश्शाला मांसाचं पाणी घालतात, तेव्हा विचारून घ्या. ‘आलिओली’ सॉसमध्ये बहुधा अंडं असतं. तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड आम्लेट, अंड्याचंच. क्रोकेतासमध्ये (तळलेल्या कटलेटसारख्या वळ्या) बहुतेकदा हॅम, एन्सालादिया रुसामध्ये (बटाट्याचं सॅलड) ट्यूना, साल्मोरेखोवर (टोमॅटोचं दाट गार सूप) उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरलेलं. जुन्या पद्धतीच्या चीजला दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, ते चालत नसेल तर चीजही सोडा. चुरो मात्र पीठ, पाणी आणि मीठ यांचे. आणि पोटभर वरणभाताची आठवण आलीच तर लावापिएस भागात भारतीय आणि बांगलादेशी खाणावळी आहेत.

तुमच्यासाठी आणखी एक सोय आहे, ‘तार्देओ’. संध्याकाळी पाच-सहाला सुरू होऊन दहा-अकराला संपणारा नाच. जागरण नाही आणि मेट्रो चालू असते.

प्रश्न : सप्टेंबरपासून माद्रिदला शिकायला जाते आहे, वय २२. मैत्रिणींबरोबर रात्री बाहेर पडताना काय सांभाळू? (वाशी)

सगळ्यात आधी माप. आपल्याकडे स्मॉल ३० मिली, लार्ज ६०, सगळं मोजून. तिथे ‘कोपा’, म्हणजे जिन-टॉनिक किंवा रम-कोक, बहुधा हाताच्या अंदाजाने ओततात. आधी बर्फ काठोकाठ, मग दारू, मग उरलेल्या जागेत सोडा. एका कोप्यात लार्ज पेग सहज असतो. तीन कोपा झाले की सहा स्मॉल पोटात गेले असं समज. बर्फामुळे चव सौम्य लागते आणि हिशोब चुकतो, म्हणून एक कोपा, मग एक ग्लास पाणी. शिवाय जेवल्याशिवाय कोपा नाही. स्थानिक मुली आधी तासभर खातात, ते काही उगाच नाही. दारूचं वय तिथे सरसकट १८ आहे. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि कडक दारूला २५ लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात अनेकांचा तोल जातो.

दारू नावाजलेल्या बाटलीतून तुझ्या डोळ्यांदेखत ओतली जाऊ दे. बाटलीत हलक्या दर्जाची दारू भरून विकण्याच्या प्रकाराला ‘गार्राफोन’ म्हणतात. खूप स्वस्त कोपा आणि रस्त्यावर फुकट चुपितोची (छोट्या पेल्यातली कडक दारू) चिठ्ठी वाटणारी ठिकाणं यांच्याबाबत सावध राहा.

ग्लास खाली ठेवून नाचायला जाऊ नकोस. ठेवलाच, तर परत आल्यावर नवा घे. दोन घोटांत जीभ जड झाली, पाय कापू लागले, तर ती नुसती नशा नसते. लगेच मैत्रिणीला धर आणि काउंटरवरच्या माणसाला सांग. जत्रांमध्ये आणि मोठ्या कार्यक्रमांत ‘पुन्तो वियोलेता’ असा जांभळा फलक दिसतो, तिथे छेडछाडीबद्दल मदत मिळते. पोलिस आणि अँब्युलन्ससाठी ११२, बाईवरच्या हिंसाचारासाठी ०१६. दोन्ही फुकट.

माद्रिदमध्ये मारामारीपेक्षा खिसेकापूंचा त्रास मोठा. बाहेरच्या टेबलावर ठेवलेला मोबाइल नकाशाचा कागद वर धरून उचलतात. कागद बाजूला होतो तेव्हा मोबाइलही गेलेला असतो. पर्स खुर्चीच्या पाठीला न अडकवता मांडीवर ठेव. जुन्या बारमध्ये काउंटरखाली हुक असतात, तेही चालतील. सोल आणि ग्रान विआच्या मेट्रोत बॅग पुढे घे.

बिलात न मागितलेलं काही लावलं तर भांडत बसू नकोस. ‘ओखा दे रेक्लामाथिओनेस’ माग. हा तक्रारीचा फॉर्म बाळगणं प्रत्येक बारला बंधनकारक आहे आणि नुसतं नाव घेतल्यावर बिल दुरुस्त होताना दिसतं.

प्रश्न : आई-वडील साठीच्या पुढचे. त्यांना एक रात्र फ्लेमेन्को दाखवायचा आहे. काय बघू? (कळवा)

‘ताब्लाओ’ शोधा, म्हणजे लहान लाकडी मंच असलेली जागा. कोर्राल दे ला मोरेरिआ हा १९५६ चा, महाग आणि नामवंत. जेवणाशिवाय नुसतं पेय धरून तिकीट मिळतं का ते आधी बघा, बरेच पैसे वाचतात. लवकरचा खेळ घ्या, तो तासाभराचा असतो. पुढची रांग मागा. फ्लेमेन्कोतलं सगळं काम पावलांत असतं आणि मागून पाय दिसत नाहीत. टाळ्यांचा ठेका धरू नका, तो कलाकारांचा असतो आणि ताल बरेचदा बारा मात्रांचा, सहज चुकतो. दाद द्यायची तर ‘ओले’.

प्रश्न : नेरूळला घरीच आठ जणांसाठी स्पॅनिश संध्याकाळ करायची आहे. दोन सोप्या गोष्टी सांगा. (नेरूळ)

तिन्तो दे वेरानो आणि तोर्तिया करा. सांग्रिया (फळं घातलेली वाईन) पर्यटकांसाठी, घरगुती उन्हाळी पेय म्हणजे तिन्तो दे वेरानो. साधी रेड वाईन आणि तेवढंच फसफसणारं पाणी. तिथलं ‘गासेओसा’ किंचित गोड असतं, म्हणून आपण ७५० मिली वाईनला ३७५ मिली सोडा आणि ३७५ मिली लिंबाच्या चवीचं थंड पेय घ्यावं. ग्लासात बर्फ भरून तिथेच मिसळा. जगमध्ये आधी मिसळून ठेवलं की दहा मिनिटांत गॅस उडून काढा होतो.

एका तोर्तियाला ६०० ग्रॅम बटाटे, एक मोठा कांदा, ६ अंडी, दीड वाटी तेल आणि २४ सेंटीमीटरचं नॉनस्टिक पॅन. आठ जणांना दोन तोर्तिया पुरतात. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि कांदा मीठ लावून मंद आचेवर तेलात २० मिनिटं शिजवा. आच मोठी झाली की काचऱ्या कुरकुरीत होतात आणि अंडं धरत नाहीत. चकती चमच्याने दाबल्यावर तुटली पाहिजे. तेल निथळून बटाटे फेटलेल्या अंड्यांत घाला आणि १० मिनिटं तसेच ठेवा. ही पायरी गाळली की तोर्तिया कापताना सुटते. पॅनमध्ये चमचाभर तेल तापवून मिश्रण ओता, कडा सुटल्या की पॅनपेक्षा मोठी सपाट ताटली वर दाबून एका झटक्यात उलटा. हात बिचकला की अर्धं ओट्यावर सांडतं, म्हणून सिंकवर धरून उलटा. दुसरी बाजू दोन-तीन मिनिटं. मध्यभाग थोडा ओलसर राहू दे. मुलांसाठी किंवा वडीलधाऱ्यांसाठी मात्र पूर्ण शिजवा, आणि कापण्याआधी पाच मिनिटं थांबा.