गोल्फ स्विंगमध्ये क्लबहेडचा (काठीच्या चेंडूला लागणाऱ्या टोकाचा) वेग वाढवायला दाब कुठं जाणवायला हवा, आणि तो टिकवायचा कसा?

उजव्या हाताने खेळत असाल तर उजव्या तर्जनीचं पेर शाफ्टला, म्हणजे काठीच्या दांड्याला, मागून टेकतं तिथं. खाली येताना क्लबहेड मागे रेंगाळतं, त्याचा भार त्या पेराला जाणवतो. आपल्या मराठवाड्यात ज्वारी राखताना गोफणीच्या दोरीला जो ताण लागतो, अगदी तसा. दोरी सैल पडली की दगड जवळच पडतो. वरूनच मनगटं झटकली की दाब संपतो आणि वेग चेंडूच्या आधीच खर्च होतो. म्हणून खाली येण्याची सुरुवात डाव्या पायावर भार देऊन कमरेने करा, हात मागून येऊ द्या. मूठ आवळून येणारा दाब खोटा, त्याने मनगटं आखडतात. चेंडूशी स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, तिथं जोर लावायला वेळच नसतो! आधी चेंडूविना, अर्ध्या स्विंगने, सावकाश करून बघा.