रंग राहू दे, आधी एक खोली कोरडी कर

‘मावशी, आम्ही डोंबिवलीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मार्चअखेर घराचं काम काढलं. ठेकेदार म्हणाला होता, दीड महिना. मे महिन्यात त्याची माणसं गावी गेली ती निम्मीच परत आली, आणि आता हा पाऊस. ओटा फोडून ठेवलाय, गॅस हॉलमध्ये आहे. ज्या खोलीच्या छताचं पीओपी पूर्ण झालं होतं, नेमकी तीच गळतेय. सासूबाईंना दमा आहे, मुलगी दहावीत आहे. नवऱ्याचा एकच हट्ट, गणपतीच्या आत रंगासकट सगळं व्हायला हवं. भिंती सुकवायला तो हॅलोजन लावून ठेवतो. मध्यरात्री छत्री घेऊन गच्चीवर जातो. परवा गवंड्यासमोर आणि सासूबाईंसमोर मी त्याला म्हटलं, “तुला एक काम धड जमत नाही.” तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो. मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी निघून जावं असं रोज वाटतं. मी चुकले का? आणि हे घर कधी एकदाचं होईल?’

बाळ, तुझ्या प्रश्नांकडे येतेच. त्याआधी एक काम, आणि ते आजच करायचं. गळक्या खोलीतल्या छतात दिवे बसवले असतील तर त्या खोलीचा एमसीबी (वीज बंद करायचा बोर्डावरचा खटका) खाली पाड आणि त्यावर चिकटपट्टी लावून ठेव, म्हणजे सवयीने कुणी वर करणार नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा खटका, आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचार. नसेल तर ओटा, रंग, फरशी सगळं मागे राहू दे, आधी 30 मिलिअँपिअरचा बसवून घे. ओल्या भिंतीत करंट उतरला तर तोच वीज तोडतो, आणि माणूस वाचतो. पीओपीला कुठे पोट आल्यासारखं दिसत असेल तर वर पाणी साठलंय. त्याच्याखालून पलंग सरकव आणि वीज बंद करून तेवढा तुकडा गवंड्याकडून काढून घे. नवीन केलेलं फोडायचं जिवावर येईल, पण भिजलेलं पीओपी अंगावर पडतं. आणि रंगाचे, थिनरचे डबे गॅसच्या हॉलमध्ये असतील तर आत्ताच उचल.

आता तुमचं भांडण.

तू जे बोललीस ते दुखावणारं होतं आणि ते दोघांच्या समोर बोललीस, म्हणून जास्त लागलं. काम रेंगाळलं याचा राग तुला येणं अगदी बरोबर आहे. चार महिने विटांच्या ढिगातून वाट काढत डबे भरणारी बाई तू आहेस. पण ते वाक्य कामाबद्दल नव्हतं, माणसाबद्दल होतं. तुझ्या पत्रात एक ओळ ओझरती येऊन गेलीय, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. मध्यरात्री छत्री घेऊन तो गच्चीवर जातो. कशाला जात असेल? पाणी जायच्या भोकांवरचा पालापाचोळा काढायला, नाहीतर नुसतं तुंबलेलं पाणी बघायला. त्यालाही झोप नाही. पैसा त्याचा गेलाय, शब्द त्याचा गेलाय, आणि आता आईसमोर मानही गेली असं त्याला वाटतंय.

तेव्हा माफी माग, आणि सासूबाईंच्या समोर माग, कारण बोलणंही त्यांच्या समोरच झालं. लांबण लावू नकोस. ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं’, एवढंच. त्याला जोडून ‘पण तूसुद्धा’ म्हणू नकोस. कामाचं बोलणं दुसऱ्या दिवशी कर. दोन्ही एकत्र केलंस तर माफी म्हणजे हिशोबाची प्रस्तावना वाटेल.

आणि कामाचं बोलणं असं की हे काम आता थांबवा. सगळं नाही, पण रंग, पुट्टी, पीओपी, प्लायवूड आणि पॉलिश पाऊस संपेपर्यंत बंद.

हे मी थकव्याला औषध म्हणून सांगत नाहीये. मुंबई-ठाण्याकडे एकट्या जुलैत साधारण आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, हवेतच एवढा दमटपणा असतो की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. नव्या प्लास्टरमधलं पाणी बाहेर पडायला कोरड्या दिवसांतही जवळपास महिना द्यावा लागतो. हॅलोजनने भिंतीचा वरचा पापुद्रा तेवढा सुकतो, पोटातली ओल तशीच राहते. त्यावर रंग मारला की दिवाळीपर्यंत फुगे येतात, पापुद्रे सुटतात, लोणा म्हणजे पांढरा क्षार फुटतो. मग पुन्हा खरवडा, पुन्हा पुट्टी, पुन्हा पैसे. शिवाय तो दिवा भट्टीसारखा तापतो. पडदा, प्लायवूडचे तुकडे, थिनर जवळ असताना तो रात्रभर चालू ठेवून झोपणं मला फार भीतीचं वाटतं. तो आजपासून बंद. कुणी कोळशाची शेगडी ठेवायचं सुचवलं तर त्यालाही ठाम नकार दे. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो.

नवऱ्याला तोंडी पटणार नाही, म्हणून भिंतीलाच बोलू दे. हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं किंवा भिंत काळवंडली तर ती रंगाला तयार नाही. हे दोघांनी मिळून करा. तू करून त्याला दाखवलंस तर ती पुन्हा त्याची चूक ठरेल.

सुताराचंही तसंच. या हवेत पॉलिश केलं की ते पांढुरकं पडतं. दारं फुगलीत, लागत नाहीत म्हणून सुतार रंधा मारायला येईल, त्याला थांबव. आत्ता तासलेली दारं थंडीत आक्रसतात आणि बोटभर फट पडते. फरशी, नळाची कामं, भिंतीतले वायरींचे पाइप हे मात्र चालू राहू शकतं. नव्या प्लास्टरला तर दमट हवा चांगलीच, त्याला पाणी कमी मारावं लागतं. म्हणून माणसं आहेत तोवर एकच गोष्ट पदरात पाडून घे, ती म्हणजे ओटा. कडाप्पा, सिंक, नळ आणि सांडपाण्याची जोडणी एवढं झालं की तुझं निम्मं घर परत आलं. कपाटं, ट्रॉल्या नंतर.

आता गळती. पत्रावरून मला वाटतं की तुम्ही दोघं ती ठेकेदाराच्या आणि एकमेकांच्या डोक्यावर टाकताय. वरच्या मजल्याचं छत म्हणजे सोसायटीची गच्ची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, स्पष्ट आहे की गच्चीतून येणारं पावसाचं पाणी थांबवणं आणि त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, त्यावरचं प्लास्टर दुरुस्त करून देणं हा सोसायटीचा खर्च आहे. (वरच्या घराच्या न्हाणीघरातून खाली गळलं तर तो त्या दोन सभासदांमधला विषय असतो, पण तुमच्या डोक्यावर घरच नाही.) तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी काढून ते कलम वाच आणि सेक्रेटरींना लेखी अर्ज दे. तारखेसह फोटो जोड आणि पोचवल्याची सही घे. जिन्यात भेटून सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एवढ्यावर कुणी येऊन भर पावसात वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. ओल्या गच्चीवर कुठलंही रसायन धड बसत नाही. आत्ता करण्यासारखं एवढंच आहे की पाणी जायची भोकं रोज साफ ठेवायची, त्यांना जाळी लावायची आणि पावसाने थोडी उसंत दिली की तडा गेलेल्या भागावर जाड ताडपत्री घट्ट बसवायची. खरं काम पाऊस गेल्यावर. तेव्हा गच्चीवर पाणी दोन-तीन दिवस कोंडून ठेवून खाली बघायचं आणि मगच शेवटचा हप्ता द्यायचा. आणि पाऊस थांबूनही छत टपकत राहिलं तर घाबरू नकोस. गच्चीवरच्या कोब्यातल्या, म्हणजे वरच्या थरातल्या, विटांच्या तुकड्यांत मुरलेलं पाणी हळूहळू उतरत असतं.

ठेकेदाराशी बोलताना आवाज चढवण्याची गरज नाही. झालेलं काम टेप लावून मोजा, फोटो काढा, काय झालं, काय बाकी, किती दिले, किती द्यायचे हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. झालेल्या कामाचे पैसे चुकते करा. गावी गेलेली ती माणसं रोजावर जगणारी आहेत, त्यांची मजुरी अडवून ठेकेदार वठणीवर येत नाही. उरलेल्या कामाची उचल मात्र आत्ता देऊ नका. पुन्हा कधी सुरू करायचं तेही लिहा. आपल्याकडून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निरोप घेतो, त्यानंतरच्या उन्हात भिंती खऱ्या वाळतात. उरलेल्या सिमेंटच्या गोण्या दुसरीकडे वापरायला देऊन टाका, घरात त्यांचे दगड होतील.

तू विचारलं नाहीस, पण मला सगळ्यात जास्त काळजी सासूबाईंची आहे. सिमेंटची धूळ आणि भिंतीवरची बुरशी, दोन्ही दम्याला वाईट. बुरशी कोरडी खरवडू नकोस, ती हवेत उडते. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पूस. त्यांचा पंप त्यांच्या उशाशी असू दे, आणि रात्रीचा खोकला वाढला असेल तर डॉक्टरांकडे या आठवड्यातच नेऊन आण. कुणी जवळचं असेल, नणंद, दीर, त्यांची बहीण, तर महिनाभर त्यांना तिकडे राहू दे. फक्त विचारायचं कसं, ते सांभाळ. ‘इथे तुमचे हाल होतायत’ म्हटलं तर त्यांना अडगळ झाल्यासारखं वाटेल. त्यांच्या मुलाला विचारू दे. आणि त्यांनी ‘मी माझं घर सोडून जाणार नाही’ म्हटलं तर ओढाताण करू नका.

मग घरातच एक खोली कोरडी करायची, आणि ती दोघींची, सासूबाईंची आणि मुलीची. सगळ्यात कमी ओल असलेली निवडा. तिथे सामानाचा ढीग नको, काम नको, ओले कपडे वाळत घालणं नको. दाराला जाड पडदा लाव, धूळ आत कमी येते. दहावीच्या मुलीला टेबल आणि दिवा असलेला एक कोपरा लागतो, त्यावर घरातल्या कुणाचीही पिशवी ठेवायची नाही. कपडे लाँड्रीत वाळवून आण. आणि ओटा होईपर्यंत रोजचा स्वयंपाक सोड. अगं, तू डोंबिवलीत राहतेस, पोळीभाजी केंद्रांच्या गावात! सकाळी वरणभाताचा कुकर लाव आणि बाकीचं विकत आण. बाहेरून पोळ्या आणणं म्हणजे हार मानणं, असं तुला वाटत असेल. घराचं इतकं ओझं एकटीने उचलायला तुला कुणी सांगितलं होतं? काम काढायचं ठरलं तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का, तेही पत्रात नाही. बहुतेक तिथेच तुझा राग आहे. ऑक्टोबरमध्ये काम पुन्हा सुरू होईल त्याआधी ते बोल. स्वयंपाकघराचा नकाशा तुझ्या संमतीशिवाय पुढे सरकणार नाही, एवढं तरी ठरवून घे.

राहता राहिला गणपती. नवऱ्याच्या हट्टाचं मूळ तिथे आहे आणि मला तो हट्ट आवडला. नव्या घरात बाप्पाला आणावं असं त्याला मनापासून वाटतंय. पण रंगासाठी भिंतीला जे दिवस हवेत ते ती तारखेकडे बघून कमी करत नाही. पूर्वी मृग लागायच्या आत कौलं शाकारून व्हायची, राहिलेलं काम पावसानंतर धरायचे, आणि गणपती वेळेवरच यायचे. त्याला सांग, रंग नसेल, पण गणपतीची जागा आपण दोघं मिळून तयार करू. बसवायची जागा कोरडी आणि भक्कम हवी. वर गळती नको, मागे ओल्या भिंतीतली वायर नको, आणि रोषणाईची माळ आरसीसीबी असलेल्या जोडणीवरच. मागे पडदा सोडला की प्लास्टर दिसत नाही. घर कधी होईल विचारलंस, तर ओटा गणपतीच्या आत होईल. रंगाला दिवाळी उजाडेल, कदाचित त्याच्याही पुढे जाईल. भिंत सांगेल तेव्हा.

आणि माहेर. जा ना! शुक्रवारी निघून सोमवारी ये. मात्र रागावून नको. माफी मागून झाल्यावर, त्याला सांगून जा, ‘तीन दिवस कोरड्या घरात झोपून येते.’ मुलीची शाळा-शिकवणी बुडणार असेल तर तिला त्याच्यापाशी ठेव, दोघांना एकमेकांचा सहवास मिळेल. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघ. घाटाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर एक आठवडा पुढे ढकल, पण आईला फोन आजच कर.